ळचा य

"मंग पायी आली, मी उठली."

आजीच्या रेकॉर्डिंगमधलं चौदाव्या मिनिटावरचं हे वाक्य. लग्नानंतरची पहिली वर्षं कशी गेली, सासू कशी होती, असं मी विचारत होते. आजी थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग हे बोलल्या. मी ते वाक्य उतरवून घेतलं आणि खाली अर्थ लिहिला: सासू पायी चालत आली, तेव्हा सून उठून उभी राहिली. प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात या एका वाक्यावर मी अख्खा परिच्छेद लिहिला. सासूचा मान, उभं राहण्याची रीत, त्या काळातल्या बायकांची पायपीट. गाइडनी समासात बरोबरची खूण केली. दोन महिने तो परिच्छेद जागेवर होता आणि मला मनापासून आवडत होता.

ते वाक्य तसं नव्हतंच. ज्या माणसांमुळे हे मला कळलं, त्यांच्याबद्दल लिहायचं खूप दिवसांपासून मनात होतं.

मी वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. २०२० साली पीएच.डी.ची नोंदणी केली. विषय वऱ्हाडीतल्या बायकांच्या कामाच्या शब्दांचा: निंदण, वेचणी, दळण, सारवण. आराखडा मांडायला समितीपुढे उभी राहिले तेव्हा सगळं मिळून सात-आठ मिनिटं मिळाली असतील. त्यातली दोन या प्रश्नात गेली, "बाई, घरी बोलतो त्याच्यावर काय संशोधन करायचं?" मला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही. मी मान खाली घालून "सर, शब्द लोप पावत आहेत" असं काहीतरी पुटपुटले. विषय मंजूर झाला, पण तो प्रश्न माझ्यासोबत घरी आला.

कोर्सवर्क फोनवरच झालं. लॉकडाउन होता आणि घरात रेंज नव्हती, म्हणून गच्चीवर टाकीच्या सावलीत बसून मी तास ऐकायचे. गृहीतक कसं मांडायचं, नमुना कसा निवडायचा, प्रश्नावली कशी करायची, संदर्भसूचीत स्वल्पविराम कुठे द्यायचा. संशोधन आणि प्रकाशनाच्या नीतीचा दोन श्रेयांकांचा पेपरही होता, तो नुकताच सक्तीचा झाला होता. हे सगळं लागतं, मी त्याला नावं ठेवत नाही. पण माणसाच्या तोंडातून निघालेला शब्द कागदावर कसा आणायचा, हे एकाही तासाला आलं नाही. पुढे एका दहा दिवसांच्या संशोधनपद्धती कार्यशाळेला गेले. तिथे चार दिवस एसपीएसएस हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर शिकवलं. शिकवणारे मनापासून शिकवत होते. माझ्याकडे मात्र आकडे नव्हते, आज्या होत्या. अकरा गावांतल्या एकवीस आज्या आणि त्यांचं चाळीस तासांचं बोलणं.

पीएच.डी. करणाऱ्याला आपल्याकडे एक गाइड मिळतो, एक नोंदणी क्रमांक मिळतो आणि दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल द्यावा लागतो. शहरातल्या विभागात निदान कट्टा असतो, ग्रंथालयात शेजारच्या टेबलावर कुणीतरी बसलेलं असतं. इथे कॉलेज सुटलं की एसटी गाठायची, घरी पोचून स्वयंपाक करायचा आणि रात्री दहानंतर कानाला हेडफोन लावायचा. विद्यापीठ शंभर किलोमीटरवर. आठ महिने मी माझ्या विषयावर गाइड सोडून एकाही माणसाशी बोलले नव्हते. घरच्यांना वाटायचं, पोरगी अभ्यास करते आहे.

आमची ओळख एका डीटीपीच्या दुकानात झाली. ज्यांनी मराठी-हिंदीत प्रबंध लिहिलाय त्यांना हे दुकान माहीत असतं. सगळं लेखन कधीकाळी श्रीलिपीत नाहीतर कृतिदेवमध्ये टाइप केलेलं, आणि विद्यापीठ मागतं युनिकोड. कारण वाङ्मयचौर्य तपासणारं सॉफ्टवेअर जुन्या फॉन्टमधला मजकूर वाचू शकत नाही. २०१८च्या यूजीसी नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, पण ते मोजण्यासाठी मुळात अक्षर अक्षर म्हणून ओळखू यायला हवं ना. त्या दिवशी दुकानात एक पन्नाशीचे सर बसले होते. त्यांचा हिंदीतला दीडशे पानांचा मजकूर फॉन्ट बदलताना असा काही फाटला होता की प्रत्येक 'श्र'च्या जागी चौकोन आला होता. ते एकेक चौकोन हाताने दुरुस्त करत होते. मी शेजारी बसले आणि पन्नास पानं मी केली. चार तासांत आम्ही एकमेकांचा विषय, गाइड, मुलंबाळं आणि रक्तदाब सगळं जाणून घेतलं. ते झेडपीच्या हायस्कुलात हिंदी शिकवतात आणि हिंदी कादंबरीतल्या शेतकऱ्यावर काम करतात.

मग त्यांच्या ओळखीतून एक ताई आली, इंग्रजीची. मराठी कादंबऱ्यांच्या इंग्रजी भाषांतरांवर तिचं काम. तिच्या बसमध्ये उर्दूची एक बाई रोज भेटायची, ती आली. शेवटी आला मेळघाटातला दादा. कोरकू त्याची मायबोली आणि विषयही कोरकू गाण्यांचा, पण नोंदणी मराठीत, कारण कोरकूचा विभागच नाही. त्याने पहिल्याच दिवशी आम्हाला सांगितलं की 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कू' लावलं की माणसं. आमच्या भाषेचं नावच माणसं असं आहे. मराठी, हिंदी, उर्दू एका मोठ्या कुळातल्या, इंग्रजीसुद्धा त्यांची लांबची बहीण. कोरकू मात्र मुंडा शाखेतली, त्या शाखेतली सगळ्यांत पश्चिमेला राहिलेली भाषा. चिखलदऱ्याचा घाट चढला की कुळ बदलतं. मी त्या घाटापासून तासाभरावर वाढले आणि चौतिसाव्या वर्षापर्यंत मला कोरकूतला एक शब्द येत नव्हता, याचं मला अजून वाईट वाटतं.

महिन्याचा दुसरा शनिवार ठरला. सार्वजनिक वाचनालयाच्या मागच्या खोलीत जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे होते, ते ग्रंथपाल काकांनी बाजूला सरकवून दिले. एकमेकांना आम्ही भाषेच्या नावाने हाक मारायला लागलो. "ए हिंदी, सरका जरा." "उर्दू आली नाही का अजून?" डबे घरून यायचे, भाकर, भरीत, ठेचा, आणि उर्दूच्या डब्यावर सगळ्यांचा डोळा असायचा.

एकच नियम सुरुवातीपासून पाळला. प्रकरण आधी पाठवायचं नाही, तिथे बसून मोठ्याने वाचायचं. ही हिंदीसरांची कल्पना. पहिल्यांदा मी वाचायला लागले तेव्हा तिसऱ्याच वाक्याला आवाज बसला, कारण मला स्वतःलाच कळेना मी काय लिहिलंय. 'लोकजीवनाच्या सांस्कृतिक अधिष्ठानाचे भाषिक प्रकटीकरण' हे डोळ्यांनी वाचताना भारदस्त वाटलं होतं. तोंडातून बाहेर पडलं तेव्हा दादाने विचारलं, "ताई, म्हणजे नेमकं काय होते?" ते वाक्य मी तिथेच खोडलं. नंतर अशी किती वाक्यं गेली याचा हिशेब नाही.

कोर्सवर्कमध्ये जे मिळालं नाही ते या खोलीत हळूहळू यायला लागलं. इंग्रजीच्या ताईला एम.ए.ला ध्वनिविज्ञान होतं. तिने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीचा तक्ता काढला आणि भिंतीला चिकटवला. आमच्या ओठ-जिभेची ती ओळख करून देत होती. ळ म्हणताना जीभ मागे वळून टाळूला कुठे टेकते, य म्हणताना ती कुठेच का टेकत नाही. ळ मूर्धन्य, पार्श्विक. य तालव्य, अर्धस्वर. बी.ए.पासून मी या संज्ञा पाठ म्हणत आले होते. जिभेवर त्या पहिल्यांदा त्या दिवशी आल्या. उर्दूची बाई म्हणाली, "हमारे यहाँ ये आवाज़ है ही नहीं," आणि पुढची दहा मिनिटं तिने 'बाळ' म्हणायचा सराव केला. हिंदीसरांनी स्वतः प्राट शिकून घेतलं. हे अ‍ॅमस्टरडॅमच्या दोन भाषावैज्ञानिकांनी केलेलं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, त्यात आवाजाची नक्षी डोळ्यांनी दिसते. पन्नाशीचा माणूस रात्री जागून युट्यूबवर हे शिकतो आणि शनिवारी आम्हाला शिकवतो, त्यासाठी त्यांना कुठलाही श्रेयांक मिळणार नव्हता.

आता त्या वाक्याकडे येते.

जानेवारीतला शनिवार, तूर सोंगणीचे दिवस, त्यामुळे वाचनालय रिकामं. मी दुसरं प्रकरण वाचत होते. पायपिटीचा परिच्छेद आला आणि मी तो जरा रंगवूनच वाचला. दादा म्हणाला, "ताई, मूळ ऐकवता का?" मी फोन लावला. त्याने ते वाक्य परत लावायला सांगितलं, मग परत. मग म्हणाला, सुरुवातीपासून लावा. आम्ही चौदा मिनिटं ऐकलं. तो वहीत काहीतरी लिहीत होता. संपल्यावर त्याने वही माझ्याकडे वळवली. डावीकडे आजी माझ्याशी बोलताना म्हणाल्या ते शब्द: डोळा, कपाळ, मला. उजवीकडे सहाव्या मिनिटाला सून चहा घेऊन आत येते तेव्हा आजी तिच्याशी बोलल्या ते: डोया, कपाय, मले.

"तुमच्याशी बोलताना आजी शाळेतलं बोलतात," तो म्हणाला. "पण आठवणीत गेल्या की विसरतात. इथं त्या विसरल्या आहेत. हा यचा य नाही ताई, ळचा य आहे."

पायी नव्हे. पाळी.

खोलीत कुणी काही बोललं नाही. मी फोन हातात घेऊन परत ऐकलं. पाळी आली, मी उठली. सासू कुठेच नव्हती.

मला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. वऱ्हाडीत ळचा य होतो हे मला माहीत नव्हतं असं नाही, पहिल्या प्रकरणात त्यावर दोन पानं आहेत. ही माझ्या आजोळची बोली आहे. पण माझे वडील मास्तर. घरात 'मले-तुले' निघालं की ते वाक्य परत म्हणायला लावत, शुद्ध करून. आई लग्नानंतर वर्षभरात बदलली, असं तीच सांगते. मी त्या घरात वाढले आणि माझा कान आपोआप दुरुस्त्या करायला शिकला. त्या संध्याकाळी घरी जाऊन मी उतरवलेली पहिली तीस पानं रेकॉर्डिंगशी ताडून पाहिली. नऊ ठिकाणी आजी 'मले' म्हणाल्या होत्या आणि मी 'मला' लिहिलं होतं. मुद्दाम नाही. मला ते तसंच ऐकू आलं होतं. चाळीस तासांत मी अशा किती आज्यांना शुद्ध केलं असेल!

दादाने वऱ्हाडी परतवाड्याच्या वसतिगृहात शिकली, तिसरी भाषा म्हणून, पोरांच्या चिडवण्यातून. त्याला एकेक आवाज वेगळा कमवावा लागला, म्हणून तो त्याला वेगळा ऐकू येतो. आपल्या भाषेतलं ऐकायला दुसऱ्या भाषेतला कान लागला. त्या समितीतल्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं. घरी बोलतो त्याच्यावरच संशोधन करावं लागतं, कारण घरचं आपल्याला ऐकू येत नाही. आणि ते एकट्याने करता येत नाही.

इंग्रजीच्या ताईने मग लबोव्हबद्दल सांगितलं. विल्यम लबोव्ह या अमेरिकन भाषावैज्ञानिकाने १९७२ साली हा पेच मांडून ठेवलाय: कुणी लक्ष देत नसताना माणसं कशी बोलतात हे आपल्याला हवं असतं, आणि ते मिळवायचा रस्ता मात्र लक्ष देऊन ऐकण्याचाच असतो. पन्नास वर्षांपूर्वीचं हे. कुठल्याही भाषेच्या कोर्सवर्कमध्ये एका तासात सांगता येईल एवढंच. ते मला तूर सोंगणीच्या दिवसांत, भाकर खाताना कळलं.

त्याच उन्हाळ्यात आम्ही सगळे रिद्धपूरला गेलो, लीळाचरित्र जिथे लिहिलं गेलं त्या गावी. आता तिथे मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलंय, तेव्हा फक्त बोलणं चालू होतं. लीळाचरित्र मी एम.ए.ला शिकले आणि आता शिकवते, पण म्हाइंभटांनी ते केलं कसं हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट मनात आणलं. लीळाचरित्र ज्यांच्या आठवणींचं आहे ते महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी निघून गेलेले. त्यांना पाहिलेली माणसं ठिकठिकाणी पांगलेली. म्हाइंभट त्या माणसांकडे गेले, कुणी काय पाहिलं, काय ऐकलं ते विचारलं, लिहून घेतलं आणि पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांच्यापुढे ठेवून तपासून घेतलं. तेराव्या शतकातलं क्षेत्रकार्य, आणि तेही आमच्याच जिल्ह्यातलं. पुढे मूळ पोथी धाडीत गेली, तेव्हा ज्यांना ती पाठ होती त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. एकेकाच्या स्मरणाचा एकेक पाठ झाला. हिराइसेच्या नावाचा पाठ अभ्यासक अजूनही वेगळा मोजतात. बुलडाणा जिल्ह्यातल्या नरवेलच्या वि. भि. कोलत्यांनी आयुष्य घालवलं ते या पोथ्यांमध्ये. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ एकाच्या कानावर विसंबून राहिला असता तर आज आपल्या हाती नसता. हिंदीसर परत येताना बसमध्ये एवढंच म्हणाले, "म्हाइंभटांना प्रगती अहवाल द्यावा लागला नाही, पण तपासणारं माणूस मिळालं."

सगळं असं गोड चाललं नाही. दादाची फेलोशिप अकरा महिने थकली, त्याच्या जिभेवर कधी आलं नाही, आम्हाला कळलं तेव्हा तो घाटात लाकडाच्या गाडीवर कामाला जात होता. त्या वर्षाचं शुल्क चौघांनी मिळून भरलं. प्रबंधाआधी शोधनिबंध छापून यायला हवा ही २०१६ची अट २०२२च्या नियमांनी काढली, तोवर मी पैसे भरून एका ठिकाणी निबंध छापून मोकळी झाले होते. तो निबंध आता माझ्याच्याने वाचवत नाही.

आणि उर्दू थांबली. दुसरं बाळंतपण, मग सासरे आजारी. नियमात बाईला २४० दिवसांची प्रसूती रजा आहे, मुदतीत दोन वर्षांची जास्तीची सवलत आहे. या सवलती खऱ्या आहेत आणि त्यांनी अनेकींचे प्रबंध वाचलेत. पण रजेवर गेलेल्या बाईशी कुणी विषयावर बोलत नाही. सहा महिन्यांत तिला स्वतःचीच टिपणं परकी वाटायला लागली, असं तिने मला सांगितलं. आम्ही तिच्या घरी जायचं ठरवलं, पण चार माणसं घरी येणं तिच्याकडे सोपं नव्हतं. मग एका रात्री साडेअकराला ग्रुपवर तिचा आवाज आला. बाळ झोपल्यावर, स्वयंपाकघरातून, तिने प्रकरणाची दोन पानं वाचून पाठवली होती. मागे नळाचं थेंब थेंब पाणी ऐकू येत होतं. तेव्हापासून महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही तिचा आवाज लावलेला फोन टेबलावर मधोमध ठेवतो आणि ऐकून उत्तरं आवाजातच पाठवतो. तिचं चौथं प्रकरण याच रीतीने पूर्ण झालं.

परिच्छेद खोडायच्या आधी आजींना विचारून यायचं होतं. मी एकटीच जाणार होते, सगळे आले. ओसरीवर चार माणसं पाहून आजी दचकल्या.

"एवढे जन एका शब्दासाठी आले?"

मी वाक्य म्हणून दाखवलं. सासू पायी आली होती का, असंही विचारलं, मुद्दामच.

"पायी कोन येईन माय?" आजी म्हणाल्या. "दयाची पायी! आमी तिघी जावा. एक दिवस एकीनं दयाचं. पाच पायल्या जवारी. माही पायी आली का कोंबड्याच्या आंधी उठाव लागे." आणि त्यांनी उजवा हात पुढे करून हवेत जात्याचा खुंटा धरला. मनगट आपसूक फिरलं. डाव्या हाताने घास टाकल्यासारखं केलं. त्या हातात काही नव्हतं, पण लय अशी पक्की होती की दादा मान हलवायला लागला. माझ्या प्रबंधाचा विषय बायकांच्या कामाचे शब्द हा होता, आणि दळणाचा शब्द मी पायपिटीत घालवला होता.

निघताना आजी मला म्हणाल्या, "तुह्या मायले इचार. तिले ठाव असन."

रात्री आईला फोन केला. इकडचं तिकडचं झालं. मग विचारलं, "आई, जात्यावर दळायची आपली वेळ आली की आजोळी काय म्हणायचे गं?"

"पाळी," आई म्हणाली.

"नाही. तुझी आई काय म्हणायची?"

पलीकडून टीव्हीचा आवाज येत होता. आई उठून आतल्या खोलीत गेली असावी, कारण तो आवाज कमी झाला. थोडा वेळ ती काही बोलली नाही.

"पायी," ती हळूच म्हणाली. आणि मग एकामागोमाग, मी न विचारता: दयन, जवारी, डोया, काया गोटा, इहीर, माही माय.

रेकॉर्डिंग सुरू करायचं राहून गेलं होतं.